मोडीत जाणारी भांडी ज्यांनी जपली, ते काकासाहेब केळकर

गावात मोडवाल्याचा टेम्पो आला की भोंगा ऐकू येतो. जुनं तांबं, पितळ, लोखंड, प्लॅस्टिक, काय असेल ते आणा. मग माळ्यावरचा हंडा खाली येतो, आजीच्या लग्नातलं घंगाळ येतं, तोटी तुटलेली झारी येते. काट्यावर चढतात, किलोचा भाव लागतो, पैसे हातात पडतात आणि टेम्पो पुढच्या वस्तीवर जातो. घरातली जागा मोकळी झाली म्हणून सगळे खूश.

शंभर वर्षांपूर्वी पुण्यातला एक चष्म्यांचा दुकानदार नेमका ह्याच वस्तूंच्या मागे लागला होता. हंडे, झाऱ्या, विळ्या, अडकित्ते, चुनाळी, दिवे. लोकांना ज्याचं काही वाटत नव्हतं ते तो पैसे मोजून घरी आणत होता. त्याचं नाव दिनकर गंगाधर केळकर. पुढे पुणेकर त्यांना काकासाहेब केळकर म्हणू लागले आणि त्यांच्या नावाचं संग्रहालय बघायला जगभरातून माणसं यायला लागली. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी पुष्कळांनी ते बघितलंही असेल. पण ज्या माणसानं ते उभं केलं त्याची गोष्ट फार कमी जणांना माहीत असते.

मावळातला मुलगा

काकासाहेबांचा जन्म 10 जानेवारी 1896 चा, मावळ तालुक्यातल्या करंजगावचा. कामशेतच्या बाजूचं हे गाव. चहूकडे डोंगर, भाताची खाचरं, पावसाळ्यात चार महिने धो धो पाऊस. ज्या वर्षी ते जन्मले त्याच वर्षी मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पोचला. म्हणजे काळ काही सुखाचा नव्हता.

घरचा धंदा चष्म्यांचा. पुण्यात दुकान. दिनकरराव त्यातच बसले. माणसांच्या डोळ्यांना भिंग लावून देणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम, आणि ते त्यांनी सोडलं नाही. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की म्युझियम काढणारा माणूस म्हटला की आपल्याला वाटतं कोणी संस्थानिक असेल, जहागीरदार असेल, निदान बडा व्यापारी तरी असेल. तसं काही नव्हतं. दुकान चालवून घर चालवणारा हा माणूस.

दुसरं वेड कवितेचं. अज्ञातवासी ह्या नावानं ते कविता लिहायचे. त्या काळी कवींनी टोपणनाव घ्यायची पद्धतच होती. जुन्या मराठी कवितेची गोडी, इतिहासाची आवड, शिवकाळ आणि पेशवाईबद्दल जिव्हाळा, हे सगळं त्यात होतं. जुन्या सरदार घराण्यांच्या वाड्यांत जाणं, तिथल्या वस्तू बघणं, त्यातून सुरुवात झाली. 1920 च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला घेतल्या.

आता इतिहासाची आवड असलेला माणूस काय जमवेल? तलवारी, ढाली, कट्यारी. नाणी. कागदपत्रं. काकासाहेबांनीही शस्त्रं जमवली, नाही असं नाही. पण त्यांची नजर हळूहळू दुसरीकडे वळली. तलवार वर्षातून एकदा दसऱ्याला बाहेर येते. पाण्याचा तांब्या रोज हातात असतो. ज्या घरात तलवार कधीच नव्हती, त्या घरातसुद्धा विळी होती, पळी होती, दिवा होता. रोजच्या वापरातल्या वस्तूतही कारागिराचा जीव असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. माझ्या मते काकासाहेबांचं मोठेपण ह्या एका गोष्टीत आहे. राजांच्या वस्तू जपणारे त्या काळात बरेच होते. बायकांच्या हातातल्या वस्तू जपणारा विरळाच.

स्वयंपाकघरात काय होतं

संग्रहालयात गेलात तर स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी थोडं थांबा. शहरातली पोरं तिथून झपाझप पुढे जातात, त्यांना काय कशासाठी आहे तेच कळत नाही. आपल्या खेड्यातल्या माणसाला मात्र निम्म्या वस्तू ओळखीच्या वाटतील.

विळ्याच घ्या. विळी म्हणजे पाट, पातं आणि वर खोबरं खोवायची खोवणी. पण जुन्या कारागिरानं त्या पाटाला पक्ष्याचा, जनावराचा आकार दिलाय. भाजी चिरायला ह्याची काही गरज नव्हती. तरी केलं. शेव पाडायचे सोरे असेच नक्षीचे. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं बोंडलं, हातभर सुद्धा नाही, पण त्याची तोटी बघा किती मऊ वळवलेली. बाळाच्या ओठाला लागू नये म्हणून.

पाण्याची भांडी तर किती तऱ्हांची. तांब्या, चंबू, गडवा, झारी, सुरई, कळशी. काही गंगाजमुनी, म्हणजे अर्धं तांबं आणि अर्धं पितळ, एक लाल आणि एक पिवळं, सांधा हाताला लागत नाही असं जोडलेलं. असं भांडं आजही काही जुन्या घरांतून देवघराजवळ बघायला मिळतं.

मग जेवण झाल्यावरचा पसारा. पानाचे डबे, चुनाळी, आणि अडकित्ते. अडकित्त्यांसाठी तर हे संग्रहालय प्रसिद्धच आहे. सुपारी कातरायचं साधं हत्यार, दोन पाती आणि एक खिळा. पण त्यात मोर आहेत, घोडे आहेत, नवरा-बायकोची जोडी आहे. त्याच्या शेजारी पाय घासायच्या वज्र्या, फण्या, दौती, कुलपं. कुलपातलं एक तर विंचवाच्या आकाराचं.

दिवे हा काकासाहेबांचा खास जिव्हाळ्याचा विषय. लामणदिवे, समया, हातदिवे, दीपलक्ष्मी. भारतातल्या दिव्यांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि 1961 मध्ये ते केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागानं छापलं. चष्म्याच्या दुकानदारानं दिव्यांवर पुस्तक लिहावं हे एका अर्थी बरोबरच. दोन्ही धंदे नजरेचे.

हे सगळं फक्त महाराष्ट्रातलं नाही. गुजरात, राजस्थान, कर्नाटक, थेट दक्षिणेपर्यंत ते फिरले. त्या काळात म्हणजे गाडी-मोटारीची सोय बेताची. आगगाडीनं जायचं, पुढे एसटी नाही तर बैलगाडी, पुढे पायी. आणि येताना ओझं. पितळी समई पिशवीत घालून आणायची तर खांदा दुखतो, हे ज्यानं आणलीय त्यालाच माहीत.

एक हिशोब करून बघा. 1920 च्या आसपास सुरुवात झाली आणि 1960 पर्यंत संग्रहात जवळपास 15,000 वस्तू झाल्या होत्या. चाळीस वर्षांचे दिवस होतात 14,600. म्हणजे सरासरी रोज एक वस्तू, चाळीस वर्षं, खाडा न करता. दुकान सांभाळून.

कमलाबाई

इथं त्यांच्या पत्नीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कमलाबाई केळकर.

विचार करा. नवरा रोज काहीतरी घेऊन घरी येतोय. आज कुणाचा तरी जुना दिवा, उद्या कुणाच्या तरी वाड्याचा दरवाजा. जागा भरत चाललीय. पैसे संपत चाललेत. कुठल्याही घरात ह्यावरून भांड्याला भांडं लागलं असतं. कमलाबाईंनी उलट साथ दिली. संग्रहासाठी पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले. बाईनं स्वतःचं सोनं मोडून दुसऱ्यांच्या घरचं पितळ विकत घेऊ दिलं, ह्याला काय म्हणावं?

आणि नुसते दागिने देऊन काम संपत नाही. पितळ महिनाभर तसंच ठेवलं की काळं पडतं, तांब्यावर हिरवा थर चढतो, लाकडाला वाळवी लागते. हजारो वस्तू घरात सांभाळायच्या म्हणजे घरातल्या बाईचं काम किती वाढलं असेल, हे ज्यांच्या घरी दिवाळीला दहा भांडी चिंचेनं घासावी लागतात त्यांना सांगायला नको. संग्रहालयावर काकासाहेबांचं नाव आहे. निम्मं श्रेय कमलाबाईंचं आहे असं म्हटलं तर ते चूक ठरणार नाही.

राजा म्हणजे कोण

संग्रहालयाचं पूर्ण नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय. पुष्कळ लोकांना वाटतं केळकर नावाचे कोणी राजे होते. पाटी बघून बाहेरगावचा माणूस हमखास तसाच समज करून घेतो.

राजा हा त्यांचा मुलगा. एकुलता एक मुलगा, आणि तो लहानपणीच गेला. दुःख झालेल्या आईबापांनी काय करावं ह्याला काही नियम नाही. कोणी गावात पाणपोई बांधतं, कोणी शाळेला वर्गखोली देतं, कोणी देवळाला पायऱ्या. केळकर पती-पत्नींनी आपला सगळा संग्रह ह्या मुलाच्या नावानं उभा केला. राजाची खेळणी, राजाचे कपडे जपून ठेवायचे ते त्यांनी देशभरातल्या हजारो घरांतल्या वस्तू जपल्या. संग्रहात जुनी खेळणीही आहेत, बाळाचं बोंडलं आहे. त्या वस्तूंपाशी गेल्यावर हे आठवलं तर त्या जरा वेगळ्या दिसतात.

लोक का विकत होते

काकासाहेबांना एवढ्या वस्तू मिळाल्या कशा, हाही प्रश्न आहे. उत्तर सोपं आणि जरा कडू आहे. लोकांना त्या नकोशा झाल्या होत्या.

पेशवाई जाऊन शंभर वर्षं झाली होती. मोठे वाडे, त्यात माणसं वाढलेली, उत्पन्न घटलेलं. वाटण्या झाल्या की घंगाळं कुणाकडे आणि बंब कुणाकडे ह्यावरून भांडणं, आणि शेवटी विकून पैसे वाटून घ्यायचे. दुसऱ्या महायुद्धात धातूचा तुटवडा झाला. सरकारला नाण्यात घालायलाही तांबं पुरेना, म्हणून 1943 पासून मधे भोक असलेला पैसा निघाला. तुमच्या घरात एखादा असेल बघा, जुन्या करगोट्यात ओवलेला सापडतो. जिथं नाण्यातलं तांबं वाचवायची वेळ आली, तिथं फुटक्या हंड्याला कोण विचारतं? वितळायला गेला.

नंतर ॲल्युमिनियम आलं, मग स्टील आलं. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंच लागत नाही, आंबट काहीही ठेवा. बायकांच्या हातांना आराम मिळाला. ह्यात वाईट काही नाही, उगाच जुन्याचे गोडवे गायला हा लेख नाही. रोज सकाळी पितळी हंडे राखेनं घासणाऱ्या बाईला स्टीलचं पिंप म्हणजे सुटका होती. पण झालं असं की बोहारणीला जुने कपडे देऊन स्टील घ्यायची सवय लागली आणि पितळ मोडीत देऊन स्टील घ्यायचीही. नव्या पातेल्याच्या बदल्यात आजीचं सतेलं गेलं. दोन पिढ्यांत स्वयंपाकघर रिकामं झालं.

काकासाहेब ह्या दोन पिढ्यांच्या मधे उभे होते. ते नसते तर त्यातल्या पुष्कळ वस्तूंचा रस झाला असता आणि त्यातून नळाच्या तोट्या निघाल्या असत्या. हे अलंकारानं म्हणत नाही, खरोखर तेच होतं. पितळ वितळलं की त्यावरची नक्षी, नाव, साल सगळं एकाच मिनिटात जातं.

त्यांच्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे मस्तानी महाल. पहिल्या बाजीरावानं मस्तानीसाठी बांधलेला हा महाल कोथरूडला होता, पडायला आलेला. त्याचे अवशेष काकासाहेबांनी आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. पर्यटक तिथं फोटो काढायला गर्दी करतात. मस्तानीचं नाव मोठं, सिनेमा आला, गर्दी व्हायचीच. पण तिथून दोन पावलं बाजूला एखादा साधा तांब्या असतो आणि तो कुणाच्या घरचा होता ते कोणीच विचारत नाही.

सरकारला देऊन टाकलं

एवढं जमवल्यावर दुसरा कोणी असता तर विकून मोकळा झाला असता. परदेशातले गिऱ्हाईक अशा वस्तूंना हवे तेवढे पैसे मोजतात. काकासाहेबांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. एक वस्तू नाही, दहा नाही, सगळा. ज्या घरात संग्रह वाढला त्याच पुण्याच्या शुक्रवार पेठेत तो लोकांसाठी खुला झाला.

मान मिळाला. पुणे विद्यापीठानं सन्मानाची डॉक्टरेट दिली, पद्मश्री मिळाली. म्हणून त्यांच्या नावामागे डॉक्टर लागतं, ते औषधाचे डॉक्टर नव्हेत. म्हातारपणीही संग्रहालयात त्यांचं लक्ष असायचं. 17 एप्रिल 1990 ला ते गेले. वय 94.

आज संग्रहात 20,000 च्या वर वस्तू आहेत. त्यातल्या सुमारे 2,500 मांडलेल्या. म्हणजे आठातली एक आपल्याला दिसते, बाकीच्या जागेअभावी आत. इतक्या वर्षांत एवढ्या मोठ्या ठेव्याला पुरेशी जागा मिळू नये, ही गोष्ट मात्र खटकते.

तुमच्या माळ्यावर काय आहे

काकासाहेबांसारखं सगळ्यांनी म्युझियम काढावं असं कोण म्हणेल? पण आपल्या घरात जे उरलंय त्याचं काय करायचं हे ठरवायला त्यांच्या कामातून दोन-चार गोष्टी घेता येतात.

पहिलं म्हणजे विकायच्या आधी भांडं उलटं करून बघा. काठाला किंवा बुडाला नाव कोरलेलं असतं. आपल्याकडे लग्नात आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख घालायची पद्धत. काही भांड्यांवर ते ठिपक्यांनी ठोकलेलं असतं, काहींवर मोडीत. मोडी म्हणजे मोडवाल्याची नव्हे, लिपी! गावातल्या जुन्या माणसाला विचारलं तर ते नाव कोणाचं ते सांगेल. तो माणूस आहे तोवरच विचारा. मोबाईलवर भांड्याचा फोटो काढा आणि आजी काय सांगते ते तिच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. ह्या भांड्यात काय करायचे, कोणाच्या माहेरचं, कधी आलं. वस्तू आहे पण तिची हकीकत नाही, तर ती नुसती धातूची वस्तू राहते.

दुसरं, वापरा. काचेत ठेवायला संग्रहालय आहे. घरात आहे ते ताटाशी आणा. काशाची थाळी असेल तर सणाला त्यात जेवा. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण तीन भाग आणि वर थोडं तांबं, एक भाग कथील. त्याची थाळी जड, आवाजाला गोड, पण ठिसूळ. हातातून पडली तर तडकते, आणि चुलीवर ठेवायची नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हे पडलं तर पोचतं, फुटत नाही, आणि पोचा तांबट काढून देतो.

पण पितळ-तांब्यात आंबट गेलं की घोटाळा. ताक, आमटी, चिंचेचा सार, लिंबू, टोमॅटो, हे कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवलं की कळकतं. चव बिघडते, मळमळतं, पोट बिघडतं. म्हणून तर कल्हई. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघतो, कथिलाची कांडी फिरवायची आणि कापसानं झरझर पुसून घ्यायचं. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून साध्या भट्टीवरही काम होतं. रिकामं कल्हईचं भांडं चुलीवर विसरलात तर तीच कल्हई उतरून जाते, हेही ध्यानात ठेवा. कल्हईवाला आता तालुक्याच्या बाजारातही सहज भेटत नाही. भेटला तर कथील शुद्ध आहे ना ते विचारून घ्या. शिसं मिसळलेलं चालत नाही, ते अंगाला घातक.

त्याच कारणानं ज्या जुन्या भांड्याला ठिकठिकाणी डाग दिलेले आहेत, त्यात शिजवू नका. जुन्या डागात शिसं असू शकतं. ते भांडं फुलं ठेवायला, धान्य ठेवायला घ्या. चिनी मातीच्या जुन्या बरणीला आतून बारीक तडे गेले असतील तर तिच्यात लोणचं घालू नका. बाहेरून कितीही देखणी असो.

काही वस्तू मात्र कसलीही भीती न बाळगता आजच वापरात येतील. लाकडी काठवट, ज्यात भाकरीचं पीठ मळतो. तांब्याचा हंडा पिण्याच्या पाण्याला. तूप वाढायचं ओगराळं, त्याला कल्हई करून. पितळी परात पीठ चाळायला. पाहुणे आले की पितळी तांब्या-भांडं पुढे ठेवा, पाण्याचा घोट तोच पण पाहुणचार वेगळा वाटतो. अहमदाबादला विशाला नावाचं ठिकाण आहे. तिथं जुन्या भांड्यांचं मोठं संग्रहालय आणि शेजारीच खेड्यातल्यासारखं मांडी घालून जेवण, असं दोन्ही आहे आणि लोक पैसे देऊन जातात. जे आपल्या घरी फुकट आहे!

तिसरं, विकायचंच असेल तर. अडचण कुणालाही येते, विकू नका असा उपदेश पोट भरलेल्या माणसानं करू नये. पण नक्षीचं, नाव कोरलेलं, वेगळ्या घडणीचं भांडं वजनावर देऊ नका. किलोचा भाव हा धातूचा भाव, कामाचा नव्हे. दोन-तीन ठिकाणी विचारा. शंभर वर्षांच्या वरची वस्तू असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यात ती येऊ शकते. अशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. गावात येऊन समया, दिवे, देवाचे टाक, दारावरच्या पट्ट्या गोळा करणारे जे फिरतात त्यांना परवाना विचारायला लाजू नका. टाक आणि मूर्ती तर बिलकूल देऊ नका.

केळकर संग्रहालय पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ, शुक्रवार पेठेत आहे. स्वारगेटला एसटीतून उतरलात तर रिक्षानं लांब नाही. तिकीट आहे. निघण्याआधी वेळ आणि सुट्टीचा दिवस फोनवर बघून घ्या. दोन-तीन तास हाताशी ठेवा, आणि घरातली म्हातारी माणसं चालू शकत असतील तर त्यांना बरोबर न्या. जिने आहेत, तेवढं लक्षात असू द्या. कुठल्या भांड्यात काय करायचे हे पाटीवर थोडंसंच लिहिलेलं असतं, ते तुमची आजी जास्त चांगलं सांगेल.